आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षासाठी मॅकबुक एअर घ्यावा की विंडोज लॅपटॉप?

विंडोजच घ्या. मॅक वाईट आहे म्हणून नव्हे. बॅटरी, स्क्रीन आणि शांतपणा यांत एअर सरस आहे, त्याला पंखाच नाही. पण रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल आणि नकाशे), थ्रीडीएस मॅक्स (थ्रीडी मॉडेलिंग) आणि लुमियन (रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र काढणं) ही तिन्ही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅड, स्केचअप, राइनो मॅकवर मिळतात, त्यामुळे सुरुवातीला अडत नाही. रेव्हिट आणि रेंडरिंग सुरू झालं की अडतं.

‘मॅकवर विंडोज टाकू’ असं दुकानदार सांगेल, पण ते पूर्वीच्या इंटेल चिपच्या मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्या सोयीने जमायचं. 2020 मधल्या ॲपलच्या स्वतःच्या एम1 चिपपासून बूट कॅम्प गेलं. आता पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणारं ॲप) विंडोज 11 ची एआरएम, म्हणजे अशा चिपसाठीची वेगळी आवृत्ती चालते. त्यात रेव्हिट रखडतं आणि लुमियनचं तर नावच घेऊ नका, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं.

विंडोज घेताना 16 जीबी रॅम, 6 जीबी किंवा जास्त मेमरीचं एनव्हिडिया आरटीएक्स कार्ड आणि 512 जीबी एसएसडी बघा. रॅम पुढे वाढवता यायला हवी. दुकानातच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक दिसलं तर बहुधा एक जागा रिकामी आहे, तरी मॉडेलच्या माहितीपत्रकात खात्री करा. एअरची रॅम नंतर वाढतच नाही.

रेंडर करताना चार्जर लावून ठेवा, बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाचा वेग बराच उतरतो. मॅकवाल्या मित्राशी फाइल्सची देवघेव असेल तर पेनड्राइव्ह एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीतला पेनड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही.