ग्लोबल लिहूनही स्कोअर शून्यच

प्रश्न: मी पायथनमध्ये छोटा गेम बनवतोय. स्टेट.पीवाय या फाइलमध्ये स्कोअर = ० लिहिलंय, तिथेच वाढव() फंक्शन आहे, त्यात ग्लोबल स्कोअर लिहून १ मिळवतो. मेन.पीवायमध्ये 'फ्रॉम स्टेट इम्पोर्ट स्कोअर, वाढव' केलंय. वाढव() तीनदा कॉल करून स्कोअर प्रिंट केला तर ०च येतो, एररही नाही. असं का?

उत्तर: वाढव() चोख काम करतंय, वाटल्यास त्याच्या आतच प्रिंट टाकून बघा, १, २, ३ येईल. तुम्ही भलताच स्कोअर बघताय एवढंच.

आधी एक गैरसमज काढून टाका, पायथनमध्ये अख्ख्या प्रोग्रामचा मिळून एक ग्लोबल असा प्रकारच नाही. ग्लोबल म्हणजे त्या मॉड्यूलपुरतं, म्हणजे त्या एका .पीवाय फाइलपुरतं. आणि फंक्शन ग्लोबल नाव शोधतं ते जिथे लिहिलंय त्या मॉड्यूलमध्ये, कॉल कुठूनही करा. म्हणजे वाढव() कायम स्टेटमधलाच स्कोअर बदलणार.

आता 'फ्रॉम स्टेट इम्पोर्ट स्कोअर' काय करतं, तर ती ओळ चालली त्या क्षणी स्टेटमधल्या स्कोअरची जी व्हॅल्यू आहे तिला मेनमध्ये स्कोअर हेच नाव लावतं आणि विषय संपला, पुढे दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. स्टेटमधलं नाव १ वर गेलं, २ वर गेलं, मेनमधलं आपलं ० धरून बसलंय. उलटही तसंच, मेनमध्ये स्कोअर = १० केलंत तर स्टेटला पत्ताही लागत नाही.

उपाय सोपा आहे. 'इम्पोर्ट स्टेट' करा आणि सगळीकडे स्टेट.स्कोअर असंच लिहा. डॉट असला की पायथन दर वेळी स्टेटमध्ये जाऊन ताजी व्हॅल्यू आणतो. चार फाइल्सनी इम्पोर्ट केलं तरी मॉड्यूलचा कोड एकदाच चालतो, नंतर सिस.मॉड्यूल्समधून (लोड झालेल्या मॉड्यूल्सची पायथनची नोंद) तेच मॉड्यूल मिळतं, त्यामुळे सगळ्यांना एकच स्कोअर दिसतो.

लिस्टच्या बाबतीत मात्र लोक हमखास फसतात. समजा खेळाडू नावाची लिस्ट अशीच 'फ्रॉम' लावून इम्पोर्ट केली, तर तिच्यात अपेंड केलं (नवीन नाव जोडलं) की दोन्हीकडे दिसतं (लिस्ट एकच आहे ना) आणि वाटतं सगळं शेअर होतंय, मग कुठेतरी रिसेट करताना कुणी खेळाडू = [] लिहितं आणि तिथून दोन वेगळ्या लिस्ट सुरू होतात. रिसेट करायचंच तर खेळाडू.क्लिअर() वापरा, त्याने तीच लिस्ट रिकामी होते.

अजून एक, असा शेअर्ड डेटा मेन.पीवायमध्ये ठेवून दुसऱ्या फाइलमधून 'इम्पोर्ट मेन' करू नका. थेट रन केलेली फाइल __मेन__ या नावाने लोड झालेली असते, त्यामुळे तीच फाइल मेन या नावाने पुन्हा एकदा चालते आणि व्हेरिएबल्सचे दोन सेट तयार होतात. हा बग शोधायला भयंकर वैताग येतो.

प्रश्न: फंक्शनमध्ये ग्लोबल न लिहिता स्कोअर प्रिंट होतो, पण खाली स्कोअर += १ टाकलं की वरच्या प्रिंटवरच अनबाउंडलोकलएरर येते. वरची ओळ तर बदललीच नाही!

उत्तर: नाव लोकल (फक्त त्या फंक्शनपुरतं) की ग्लोबल हे पायथन फंक्शन कंपाइल करतानाच ठरवतो, ओळ-ओळ चालताना नाही. आत कुठेही त्या नावाला असाइनमेंट दिसली, += सुद्धा त्यातच आलं, की ते नाव पूर्ण फंक्शनभर लोकल. मग प्रिंटच्या वेळी लोकल स्कोअरला व्हॅल्यूच मिळालेली नसते. फंक्शनच्या सुरुवातीला ग्लोबल स्कोअर लिहा, किंवा त्याहून बरं म्हणजे स्कोअर पॅरामीटर म्हणून घ्या आणि नवीन व्हॅल्यू रिटर्न करा.