गोएचा ला ट्रेकमध्ये हिमबिबट्या दिसेल का?

मे महिन्यात सिक्कीममधल्या गोएचा ला या खिंडीचा ट्रेक करताना हिमबिबट्या दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर, आशा जवळजवळ नाहीच. हा ट्रेक ज्यातून जातो त्या कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानात तो आहे, पण भरल (डोंगरी रानमेंढ्या) चरतात त्या उंच, उघड्या उतारांवर, माणसांच्या वर्दळीपासून दूर.

माझा आग्रह वेगळाच आहे. ट्रेक सुरू होतो ते युक्सोम गाव ते त्शोका हा पट्टा घाईने उरकू नका. बहुतेकांचं लक्ष वरच्या बर्फाकडे असतं, म्हणून खालचं जंगल मान खाली घालून चालून जातात. १,७८० मीटरवरून सुमारे ३,००० मीटरपर्यंत चढताना ओक, मॅग्नोलिया, बांबूची दाटी असं जंगल पावलागणिक बदलत जातं. सिक्कीमचा राज्यप्राणी रेड पांडा अशाच बांबूच्या आसऱ्याने राहतो. वाटेत साचेनला मुक्काम करा, पहाटे निघा, गप्पा बंद ठेवा. दिसेलच असं नाही, पण पक्षी भरपूर भेटतील. त्शोकाच्या वर झोंगरीकडे जाताना गुरांस (रोडोडेंड्रॉन) फुललेला असतो, तिथे तर थांबायलाच हवं. शिवाय सावकाश चढलात की झोंगरीच्या ४,००० मीटरवर डोकं दुखण्याची शक्यताही कमी होते.

८,५८६ मीटरचा कांचनजंगा ही तिथल्या लोकांची रक्षक देवता आहे. तिच्यासाठी दरवर्षी पांग ल्हाबसोलचा सण होतो. १९५५ साली जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा वर पोचले, तेव्हा सिक्कीमच्या चोग्यालना, म्हणजे राजांना, दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट खालीच थांबले. सिक्कीमच्या बाजूने आता चढाईला बंदीच आहे. २०१९ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेने शिखर गाठलं ते नेपाळकडून. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेलं हे उद्यान भारतातलं पहिलं स्थळ, २०१६ सालचं. ट्रेकच्या वाटेवरचा समिती नावाचा तलावही पवित्र मानतात. त्यात पाय बुडवून फोटो काढणारे पाहिले की फार वाईट वाटतं.

उद्यानात लाकूड जाळायला मनाई आहे. युक्सोमला प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद होते, परतताना ती पडताळतात. तिथूनच वाटाड्या घ्या, तो लागतोच.

मेचा पहिला पंधरवडा गाठा. नंतर ढग लवकर दाटतात, खालच्या जंगलात जळवाही वाढतात. रजा जुळत नसेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध घ्या. फुलं नसतील, पण शिखरं स्वच्छ दिसतात.