तो आफ्रिकेत, आपण गावात : फौजी घरांची प्रश्नोत्तरे

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं अशा घरांतली आहेत, जिथला माणूस संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत गेलाय नाहीतर जायच्या तयारीत आहे. दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन. मुदत साधारण वर्षाची, आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. नवरा काश्मीरला असला की काय करायचं हे आपल्याकडच्या फौजी घरांना ठाऊक असतं. देशाबाहेर गेला की घोटाळा होतो, आणि पत्रं वाचून असं दिसतं की बहुतेक घोटाळे तिकडचे नसून इकडचेच आहेत. नावं काढली आहेत, तालुके ठेवले आहेत.

प्रश्न : आमच्या ह्यांची पलटण दोन महिन्यांनी दक्षिण सुदानला जाणार आहे. लग्नाला सव्वा वर्ष झालं, मी सासरी राहते. काही विचारलं की म्हणतात, 'काळजी करू नको, सगळं होते.' जाण्याआधी काय करून ठेवायचं? – दारव्हा

'सगळं होते' म्हणणारे फौजी मी पुष्कळ पाहिले. होतं खरं, पण बायकोच्या पायपिटीवर होतं.

आज रात्रीच विचारा, आपलं लग्न पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदी करणाऱ्या फौजी आदेशात, लागलं का? दाखला युनिटच्या ऑफिसात दिला, क्लार्कने ठेवून घेतला, एवढ्यावर भागत नाही. ऑर्डर निघाली पाहिजे. ती निघाली नसेल तर फौजेच्या कागदावर तुम्ही त्यांच्या कोणीच नाही. आश्रितांचं ओळखपत्र नाही, मिलिटरी हॉस्पिटल नाही, क्वार्टर नाही. त्यासोबतच आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नामनिर्देशन बघायला सांगा. ते भरतीच्या वेळचं असेल तर त्यावर आईचं नाव असणं साहजिक आहे. ते तसंच ठेवायचं, बदलायचं की दोघींत वाटायचं, हे त्यांनी ठरवावं. पण विमानात बसण्याआधी ठरवावं. हा विषय काढला की घरात 'अभद्र बोलते' म्हणतील. म्हणू द्या.

मग मोबाईल. तुमच्याच भागातल्या एका बाईला मी सेतू केंद्रात बसलेलं पाहिलं. समोर स्क्रीनवर 'ओटीपी टाका', आणि ज्या नंबरवर ओटीपी गेला ते सिम नवऱ्याच्या बॅगेत, तिकडे दक्षिण सुदानातल्या मलाकालला. ऑपरेटरने पुन्हा पाठवला, पुन्हा पाठवला, मग म्हणाला, 'ताई, जरा बाजूला बसा, मागे लाईन आहे.' नवऱ्याला ते मेसेज आलेच नाहीत, कारण तिथे तो तिकडचं सिम वापरत होता. तेव्हा भारतातलं सिम घरीच ठेवून घ्या, एखाद्या जुन्या फोनमध्ये. त्याला रिचार्ज करत राहा आणि अधूनमधून त्यावरून फोन लावा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते.

पैशासाठी मात्र त्यांचं एटीएम कार्ड आणि पिन यावर विसंबू नका. मशीनने कार्ड गिळलं की बँक खातेदाराला बोलावते. दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं संयुक्त खातं उघडा आणि दरमहा ठरलेली रक्कम त्यात वळती होईल असं बघा.

वावर त्यांच्या नावावर असेल तर खरिपाची ई-पीक पाहणी विसरू नका. ती तुमच्या मोबाईलवरून करता येते, फक्त वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो. राहून गेली तर नुकसानभरपाईच्या वेळी पटवाऱ्याच्या मागे फिरावं लागतं.

आणि एक साधी वही करा. त्यांचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, आणि पलटण बाहेर गेल्यावर मागे राहणाऱ्या रिअर पार्टीचा फोन. फोनमध्ये सेव्ह आहे म्हणू नका, फोन पाण्याच्या टाकीत पडतात. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबरही त्यातच लिहा. ते ऑफिस फक्त निवृत्त लोकांचं आहे हा गैरसमज आहे. सेवेतल्या जवानाच्या घरच्यांनीही तिथे जावं.

प्रश्न : मी अडाणी बाई, नातीकडून लिवून घेतलं. माहा पोरगा आफ्रिकेत गेला. पगार सुनेच्या हाती जाते. लोक म्हनतात तिकडं डॉलरनं पगार भेटते, लाखो रुपये. अन् मले औषधाले पैसे मांगा लागते. पोराले सांगतलं तं म्हनते, 'माय, तुमी दोघी पाहून घ्या.' काय करू? – मेहकर

मावशी, आधी डॉलरचं सांगते, कारण अर्धं भांडण त्यातूनच येतं. संयुक्त राष्ट्रसंघ एका सैनिकामागे महिन्याला १,४०० डॉलरहून थोडी जास्त रक्कम देतो हे खरं आहे, पण ती भारत सरकारला देतो, तुमच्या पोराला नाही. त्याचा पगार इथे नेहमीसारखाच जमा होतो, वर सरकारने ठरवलेला परदेशातला भत्ता. यूएनकडून त्याच्या हातात रोजचे मिळतात १.२८ डॉलर. एवढ्यात तिकडे चहा-साबण व्हावं. चार पैसे जास्त मिळतात, नाही असं नाही, पण पारावर बसून लोक जो हिशेब करतात तो खोटा आहे. त्या हिशेबावर सुनेला मोजू नका.

औषधाचे पैसे मागावे लागतात हे मात्र चूक आहे, आणि ती चूक सुनेची कमी, पोराची जास्त. 'तुमी दोघी पाहून घ्या' म्हणणं त्याला सोपं जातं. घरात आई आणि बायको यांच्यात पैशाची वाटणी करायचं काम ज्याचा पगार आहे त्याचं. नातीला सांगा, पुढचा फोन आला की बापाला हे वाचून दाखव : आजीच्या खात्यात दर महिन्याच्या ५ तारखेला अमुक रुपये आपोआप जातील अशी सूचना बँकेला दे. रक्कम लहान असली तरी चालेल. मागावी लागू नये, एवढंच.

दुसरं, तुमचं स्वतःचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल आणि पोराने तुम्हाला आश्रित म्हणून कागदावर लावलं असेल, तर मिलिटरी हॉस्पिटलात तुमचा इलाज आणि औषध होतं. मेहकरहून नागपूरजवळची कामठी लांब, छत्रपती संभाजीनगरचं मिलिटरी हॉस्पिटल त्या मानाने जवळ पडतं. बीपी-शुगरची गोळी दर महिन्याला विकत घेणाऱ्या कितीतरी फौजींच्या आया मी बघते. कार्ड काढलेलंच नसतं.

सूनबाई हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते : खर्चाची वही घरात सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. लपवायचं काही नसलं तरी लपवल्यासारखं दिसू नये. तुमच्या वयाच्या बाईवर वर्षभर गावाची नजर असते, त्यात हिशेबाची भर कशाला?

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. बाबांचा व्हिडिओ कॉल आला की पळून जातो, बोलतच नाही. ह्यांना वाईट वाटतं. शिवाय मला कामठीला क्वार्टर घेऊन मुलाला चांगल्या शाळेत घालायचं आहे, सासरचे नको म्हणतात. – आर्वी

पळतो तर पळू द्या. लहान मुलाला 'बोल बाबाशी, बोल ना' असं चौघांत ढकललं की फोन म्हणजे परीक्षाच होते. फोन भिंतीला टेकवून ठेवा, मुलाला त्याचं काम करू द्या, बाप नुसता बघत राहील. दोन-चार वेळा असं झालं की तो स्वतःच येऊन काहीतरी दाखवतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवताना फोन लावा, शिंगांना कोणता रंग द्यायचा ते बाबांना विचारू द्या. एवढं बोलणं पुष्कळ झालं.

वेळेचंही बघा. दक्षिण सुदानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. ते जेवण आटोपून निवांत आठला फोन करतात तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले असतात आणि पोरगं झोपेतून उठवलेलं असतं. तो रडणारच. त्यांना दुपारी साडेतीनला जमलं तर इथे सात वाजतात, ती वेळ बरी.

'बाबा उद्या येतील' असं कधीच सांगू नका. तारीखही नको, रजा पुढे-मागे होते. 'दिवाळी झाली की, थंडी पडली की' असं सांगा. आणि रजेवर आल्यावर मुलगा पहिले दोन-तीन दिवस त्यांच्याजवळ जाणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. फौजी माणूस बंदुकीला भीत नाही, पण पोरानं ओळख दिली नाही की पार खचतो.

क्वार्टरबद्दल : तुम्ही आर्वीच्या, मग कामठीच कशाला? पुलगावला दारूगोळा डेपो आहे, तिथे केंद्रीय विद्यालय आहे, आणि सासर हाकेच्या अंतरावर राहतं. नवरा फील्डला किंवा परदेशी असलेल्या कुटुंबांसाठी एसएफ क्वार्टर असतात. अर्ज युनिटमार्फत जातो आणि यादी असते, म्हणून दोन्ही ठिकाणी चौकशी करा. केंद्रीय विद्यालयात फौजींच्या मुलांना प्रवेशात पहिला प्राधान्यक्रम असतो. 'पुलगाव' म्हटल्यावर सासरचा विरोध निम्मा होईल असा माझा अंदाज आहे. कामठी म्हटलं की त्यांना नागपूर ऐकू येतं.

प्रश्न : पती काँगोत आहेत. शेजारच्या वावरवाल्याने आमचा धुरा (बांध) नांगरून दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत घेतले. वरून म्हणतो, कोर्टात जा, तुझा नवरा येईपर्यंत निकालच लावून घेतो. मला दीर नाही, सासरे थकलेले. – मूर्तिजापूर

त्याला कायदा माहीत नाही, म्हणून बोलतो. १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आजही लागू आहे. सैनिक देशाबाहेर नोकरीवर असेल आणि दाव्यात त्याची बाजू मांडायला कोणी नसेल, तर तसा दाखला कोर्टात गेल्यावर दावा थांबवता येतो. तो दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा फौजेकडून जातो. तुमच्या बाजूने दावा लावायचा असेल तर त्यांचा परदेशातला काळ मुदतीत धरत नाहीत, म्हणजे 'वेळ निघून गेली' हीही भीती नाही. एक खाच लक्षात ठेवा : सातबारा सामायिक असेल आणि दुसरा खातेदार कोर्टात नीट उभा असेल, तर कोर्ट दावा थांबवीलच असं नाही.

थांबायचं नसेल, लढायचं असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २८ फौजींसाठीच आहे. रजा मिळत नसेल तर जवान आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून कोणालाही, म्हणजे तुम्हालाही, आपल्या जागी दावा चालवायचा अधिकार देऊ शकतो. इतर कामांसाठी त्यांनी तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं तर ते भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. यात गावातला अर्जनवीस हमखास चुकतो. वकिलाला दाखवा.

पण हे झालं पुढचं. उद्या सकाळी काय कराल? नांगरलेल्या धुऱ्याचे फोटो काढा, जुना दगड किंवा बाभूळ दिसेल असे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. आणि पतींना सांगा, कमांडिंग ऑफिसरमार्फत अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवा. फौजेच्या लेटरहेडवरचं पत्र आलं की तहसीलमध्ये फाईल हलते, आणि पटवारी धुऱ्यावर यायला लागला की शेजाऱ्याचा आवाज उतरतो. त्याच्याशी एकटीनं वावरात वाद घालू नका, त्यातून उलट तुमच्यावरच तक्रार होते.

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत गोमा शहर बंडखोरांनी घेतलं तेव्हा माझे पती तिथे होते. गावच्या ग्रुपवर काय काय येत होतं. चार दिवस फोन नाही. आता पुन्हा कोणी काही टाकलं की हातपाय गळतात. – लाखनी

ते चार दिवस कसे गेले असतील याची कल्पना आहे. तेव्हा शहरातली वीज आणि पाणीसुद्धा तुटलं होतं, फोन कुठून लागणार? तिकडून फोन न येण्याची कारणं बहुतेक वेळा अशीच रुक्ष असतात. दक्षिण सुदानातल्या एका मोठ्या पट्ट्यात तर आपल्यासारखीच काळी कापसाची माती आहे. पावसाळ्यात गाड्या रुतून गस्त जिथल्या तिथे अडकते आणि माणूस नेटवर्कबाहेर राहतो.

खरी वाईट बातमी गावच्या ग्रुपवरून येत नाही, ती युनिटकडून येते. म्हणून तुमचा चालू नंबर युनिटकडे नोंदवलेला आहे ना एवढं बघा, आणि ग्रुप म्यूट करा. त्याच पलटणीतल्या दोन-तीन बायकांचे नंबर ठेवा. एकीला फोन आला की सगळ्यांना कळतं. 'तुमचे मिस्टर जखमी आहेत, ताबडतोब पैसे पाठवा' असा कोणाचा फोन आला तर तो चोर आहे. फौज जखमीच्या घरून पैसे मागत नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार करा.

आणि मुळात गावच्या ग्रुपला ते कुठे आहेत हे कळलंच कसं? वर्दीतले फोटो, ठिकाण, रजेच्या तारखा आपणच टाकतो.

प्रश्न : दिवाळीचा फराळ कुरिअरने पाठवता येईल का? – काटोल

नका पाठवू. पोचला तरी खाण्याजोगा राहणार नाही. पलटणीतला कोणी रजा संपवून परत जात असेल तर त्याच्या हाती द्या, तेही कोरडंच, आणि पाकिटबंद. शेव-चिवडा चालेल. सांबारवडीचा मोह आवरा.

प्रश्न : हे दक्षिण सुदानहून रजेवर आलेत. आठवड्याने ताप भरला, उतरतो, पुन्हा चढतो. गावच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. – देसाईगंज

हे वाचत असाल तर आजच रक्त तपासा. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, 'आफ्रिकेतून आलेत.' तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, आपण ज्याला मेंदूचा मलेरिया म्हणतो तो, आणि तो परतल्यावर काही आठवड्यांनीही उठतो. तिकडे मलेरिया होऊ नये म्हणून ज्या गोळ्या देतात त्यातल्या बऱ्याचशा परत आल्यावरही ४ आठवडे घ्यायच्या असतात. घरी आल्यावर फौजी त्या पहिल्या बंद करतात, हे विचारा त्यांना. तुम्ही गडचिरोली जिल्ह्यात आहात ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात मलेरिया ओळखणारी माणसं आहेत. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. लघवी लालसर-काळी झाली, बोलण्यात भ्रम आला किंवा सारख्या उलट्या लागल्या तर थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि त्यांच्या युनिटला कळवा, म्हणजे आजारपणातले दिवस रजेत मोजले जाऊ नयेत म्हणून काय कागद लागतात ते तेच सांगतील.