तिसऱ्या लेक्चरला गाडी अडली

प्रश्न: नमस्कार सर, मी चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहे, मेकॅनिकल डिप्लोमा, वय 38. फिजिक्सची हौस जुनीच, म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीचा 8.04 म्हणजे क्वांटमचा कोर्स यूट्यूबवर सुरू केला, अ‍ॅलन अ‍ॅडम्सचा. पहिलं लेक्चर इतकं आवडलं की बायकोलाही बसवून दाखवलं, पण तिसऱ्याला ई टू द आय-के-एक्स आलं आणि सगळं डोक्यावरून गेलं. दोनदा बघितलं, तेच. वय झालं का माझं?

उत्तर: वयाचं काही नाही हो! पहिल्या लेक्चरमध्ये इलेक्ट्रॉनचा ‘रंग’ नि ‘हार्डनेस’ मोजणारे डबे आहेत, गणित जवळपास नाहीच, त्यामुळे ते वहिनींनाही आवडलं असणार. पण एमआयटीत 8.04 ला बसायच्या आधी 8.03 म्हणजे लाटा आणि 18.03 म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्स झालेलं लागतं, आणि हे आपण कोणीच वाचत नाही, थेट प्ले दाबतो. दोन्ही ओपनकोर्सवेअर या एमआयटीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, त्यातलं तिथल्या प्राध्यापक मॅटकसरांचं 18.03 आधी घ्या, 2003 चं आहे, खडू-फळ्यावरचं, पण अजून तोड नाही. आणि लेक्चर तिसऱ्यांदा बघू नका, वही काढा.

स्प्रिंगला वजन लावलंय असं धरा, तुमचं तर रोजचं काम. वस्तुमान गुणिले प्रवेग बरोबर वजा के-एक्स, के म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, एक्स म्हणजे वजन मधल्या जागेपासून किती सरकलं ते. एक्सच्या जागी कॉस ओमेगा-टी टाका आणि दोनदा डिफरन्शिएट करा, तोच कॉस परत येतो, पुढे वजा ओमेगा स्क्वेअर घेऊन, म्हणजे ओमेगा स्क्वेअर बरोबर के भागिले एम. के 100 न्यूटन पर मीटर, वजन 1 किलो, तर ओमेगा 10, एक हेलकावा साधारण 0.63 सेकंदात. आता कॉसच्या जागी ई टू द आय-ओमेगा-टी टाकून बघा, तेही बसतं, कॉस हा त्याचाच रिअल भाग. तुम्हाला अडवणारा आय-के-एक्स हाच, फक्त वेळेऐवजी अंतरात हलतो, आणि त्यातला के स्प्रिंगचा नव्हे, ओमेगाच्या जागी आलेला लाटेचा.

सर्टिफिकेट हवं असेल तर एनपीटेल, म्हणजे आपल्या आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, शिकायला फुकट, फी फक्त परीक्षेला, साधारणपणे असाइनमेंटला 25 आणि परीक्षेला 75 मार्क. शिफ्ट सांभाळून दर आठवड्याची असाइनमेंट सोडवणं जड जातं, पण डेडलाइन असली की वही उघडते एवढं खरं. नुसती हौस असेल तर एमआयटीच्या कोर्ससोबतचे प्रॉब्लेम सेट म्हणजे गृहपाठाची गणितं पुरे, आठवड्याला एक, उत्तरं न बघता.