आयकॉन बदलला आणि ॲपच दिसेना

प्रश्न : आमच्या अँड्रॉइड ॲपमध्ये तीन आयकॉनपैकी हवा तो निवडता येतो. गेल्या अपडेटमध्ये आम्ही हिरवा आयकॉन काढून टाकला. तेव्हापासून काही जणांच्या फोनवर ॲप इन्स्टॉल असूनही लाँचरमध्ये (फोनच्या ॲप-यादीत) सापडत नाही. असं का झालं?

उत्तर : अँड्रॉइडमध्ये आयकॉन थेट बदलता येत नाही. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टमला देणाऱ्या फाइलमध्ये) प्रत्येक आयकॉनसाठी एक ॲक्टिव्हिटी-एलियस, म्हणजे ॲपच्या मुख्य स्क्रीनचं (ॲक्टिव्हिटीचं) दुसरं नाव, लिहायचा आणि पॅकेज मॅनेजर या सिस्टमच्या सेवेकडून त्यातला एक चालू, बाकीचे बंद करायचे, एवढीच ही युक्ती. चालू-बंदची नोंद एलियसच्या नावाने फोनमध्ये राहते आणि अपडेट झालं तरी मूळ एलियसची 'बंद' ही नोंद तशीच असते. हिरवा निवडलेल्यांकडे मूळ एलियस बंद, आणि हिरवा तर तुम्हीच उडवलात. मग लाँचरने दाखवायचं काय?

आता पुढच्या अपडेटमध्ये 'माय पॅकेज रिप्लेस्ड' या ब्रॉडकास्टसाठी (सिस्टमच्या सूचनेसाठी) रिसीव्हर, म्हणजे ती सूचना ऐकणारा कोड, टाका. अपडेट होताच तो चालतो, ॲप उघडावं लागत नाही. त्यात एकही एलियस चालू नसेल तर मूळ एलियस चालू करा. यापुढे मात्र एकदा बाजारात गेलेल्या एलियसचं नाव काढू नका. चित्र नको असेल तर त्याच नावाखाली दुसरं चित्र द्या.

बाकीचंही एकदा तपासून घ्या. लाँचरचा इंटेंट-फिल्टर (लाँचरमध्ये दाखवा असं सांगणारी नोंद) फक्त एलियसांना हवा; मुख्य ॲक्टिव्हिटीलाही राहिला तर दोन आयकॉन दिसतात. एलियस मुख्य ॲक्टिव्हिटीच्या खालीच लिहायचा. टार्गेट एपीआय (ॲप ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बांधलंय तिचा क्रमांक) ३१ किंवा पुढचा असेल तर एलियसवर 'एक्सपोर्टेड' (बाहेरून उघडता येईल की नाही ते) लिहिल्याशिवाय अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनांवर ॲप इन्स्टॉलच होत नाही. आयकॉन बदलताना 'डोन्ट किल ॲप' हा फ्लॅग द्या, तरीही काही फोनांवर ॲप बंद पडतं. म्हणून बदल ऑनस्टॉपमध्ये, म्हणजे ॲप पडद्यावरून गेल्यावर, केलेला बरा. एपीआय ३३ पासून सगळे एलियस एकाच कॉलमध्ये बदलता येतात. त्याआधी नवा चालू करून मगच जुना बंद करा. काही लाँचर होम स्क्रीनवर ठेवलेला आयकॉन तरीही काढून टाकतात, त्यावर कोडमधून इलाज नाही. आणि अँड्रॉइड स्टुडिओने (ॲप बनवण्याच्या सॉफ्टवेअरने) 'ॲक्टिव्हिटी क्लास अस्तित्वात नाही' असं म्हटलं तर घाबरू नका, तो बंद केलेला मूळ एलियस उघडू पाहतोय. ॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा चालवा.

प्रश्न : आयफोनवर नवा आयकॉन सर्व्हरवरून उतरवून लावता येईल का? आणि बदलताना येणारा 'आयकॉन बदलला' असा अलर्ट टाळता येईल का?

उत्तर : दोन्ही नाही. आयओएस १०.३ पासून 'सेट-ऑल्टरनेट-आयकॉन-नेम' ही मेथड आहे, पण चित्रं ॲपच्या बंडलमध्ये (ॲपसोबत येणाऱ्या फाइलींत) आधीच असावी लागतात. एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवण्याचं सॉफ्टवेअर) १३ पासून ती असेट कॅटलॉगमध्ये (प्रकल्पातल्या चित्रांच्या फोल्डरमध्ये) वेगवेगळे आयकॉन सेट म्हणून ठेवा आणि बिल्ड सेटिंगमध्ये सर्व आयकॉन समाविष्ट करण्याचा पर्याय 'येस' करा. हा पर्याय विसरला तर एरर येते. मेथडला दिलेलं नाव आयकॉन सेटच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. मूळ आयकॉनसाठी 'निल' (रिकामी किंमत) पाठवा. अलर्ट दडवायला खासगी मेथड वापरणारे कोड सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. ॲप स्टोअरच्या तपासणीत ॲप नाकारलं जाऊ शकतं.