वाचकांचे प्रश्न : खाऱ्या वाऱ्यात टिकणारा काँक्रीटचा ड्राइव्हवे

समुद्राजवळ घर असलेल्या वाचकांनी फाटकापासून पोर्चपर्यंतच्या काँक्रीटबद्दल विचारलेले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. जिथे हिशेब लागतो तिथे १० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १२५ मिलिमीटर जाड पट्टा धरला आहे.

प्रश्न : घर समुद्रापासून चारशे मीटरवर आहे. ठेकेदाराचं म्हणणं, १०० मिमी जाडीत ८ मिमी सळईची जाळी टाकली की पुढे बघायला नको. सळई खरंच हवी का?

बहुतेक वेळा नको. मीठ काँक्रीटपेक्षा सळईचा जास्त घात करतं. सिमेंट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. मिठातलं क्लोराइड पाण्याबरोबर झिरपत तिथवर पोचलं की हा पापुद्रा फुटतो आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा लागते. ती जागा नसते, म्हणून काँक्रीट आतून उकलतं. ज्या जाळीच्या भरवशावर राहायचं तीच स्लॅब फोडते.

जमिनीवर टेकलेल्या ड्राइव्हवेत गाडीचं वजन जाडी आणि खालचा भराव पेलतो. जाळीचं काम एवढंच की तडा गेलाच तर त्याचे दोन काठ एकमेकांपासून लांब जाऊ द्यायचे नाहीत. सांधे, म्हणजे स्लॅबमध्ये मुद्दाम कापलेल्या चिरा, नीट ठेवले तर तडा आपण ठरवलेल्या रेषेतच जातो आणि जाळीची गरज उरत नाही. सळईचे पैसे जाडीत घाला. वाकण सोसण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १०० ऐवजी १२५ मिमी केल्यास काँक्रीट पाव पट जास्त लागतं आणि ताकद दीडपटीहून थोडी अधिक मिळते. पाण्याचे टँकर किंवा मालाचे ट्रक आत येणार असतील तर १५० मिमी करा.

ओल्या अवस्थेतल्या बारीक भेगा रोखायला पॉलिप्रॉपिलीनचे सूक्ष्म तंतू घनमीटरला ०.६ ते ०.९ किलो पुरतात. ते गंजत नाहीत.

भराव खोल आणि नवा असेल, किंवा स्लॅबखालून चर गेला असेल, तर मात्र जाळी लागते. मग वरून ५० मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ठेवा. १०० मिमीच्या स्लॅबमध्ये ५० कव्हर आणि दोन सळयांचे १६ मिमी धरले तर खाली ३४ मिमीच उरतात, म्हणजे जाळी बसवायची तर जाडी १२५ च्या खाली नकोच. जाळी काँक्रीटच्याच कव्हर ब्लॉकवर ठेवा. विटेचे तुकडे पाणी शोषून थेट सळईपर्यंत पोचवतात. आधी जाळी जमिनीवर टाकायची आणि ओतताना आकड्याने उचलायची, ही सवय सर्रास दिसते. उचललेली जाळी माणसांच्या पायाखाली पुन्हा तळाला जाते. बांधणीच्या तारेची टोकं खाली वळवा, वर राहिलेलं टोक पृष्ठभागावर तपकिरी ठिपका होऊन उगवतं. काचतंतूंच्या सळया गंजत नाहीत, पण जागेवर वाकवता येत नाहीत, तेव्हा वळणाचे तुकडे कारखान्यातूनच करून घ्यावे लागतात.

प्रश्न : किनाऱ्यावरची वाळू धुऊन वापरली तर चालेल का? मालाचं प्रमाणही सांगा.

टाळा. मीठ हे एक कारण. जाळी नसेल तर त्या मिठाने स्लॅब फुटणार नाही, पण पृष्ठभागावर पांढरा खार येत राहील, दमट दिवसांत ओले डाग पडतील आणि फाटकाच्या खांबाची सळई मात्र गंजण्यापासून सुटणार नाही. ढिगावर पाइप धरून वाळू धुतली जात नाही, वरचं मीठ ढिगाच्या तळाशी जाऊन बसतं. दुसरं कारण कमी बोललं जातं. किनाऱ्याची वाळू बहुधा एकाच आकाराच्या बारीक कणांची असते. अशा वाळूला पाणी जास्त लागतं, आणि जास्त पाणी म्हणजे जास्त सच्छिद्र काँक्रीट. पर्यायच नसेल तर वाळू पातळ थरात पसरून गोड्या पाण्याने अनेकदा धुवा, तिच्यात भरड वाळू किंवा खडीचा कच मिसळा आणि क्लोराइडची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर दाट पांढरा साका बसला, तर मीठ अजून आहे.

दर्जा एम ३० पेक्षा कमी नको, म्हणजे २८ दिवसांनी दाब सोसण्याची ताकद ३० मेगापास्कल. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम ३५. पाणी आणि सिमेंटचं गुणोत्तर ०.४५ च्या वर जाता कामा नये. घनमीटरला सुमारे ३६० किलो सिमेंट, १६२ लिटर पाणी, ७०० किलो वाळू आणि २० व १० मिमीची मिळून साधारण ११५० ते १२०० किलो खडी, इथून सुरुवात करा आणि चाचणीच्या घाण्यावर प्रमाण पक्कं करा. आपल्या पट्ट्याला ३.७५ घनमीटर काँक्रीट लागतं. सांडलवंड धरून ४ मागवा, म्हणजे ५० किलोच्या २९ गोण्या.

स्लॅगमिश्रित (लोखंडाच्या भट्टीतली मळी घातलेलं) किंवा फ्लाय अ‍ॅशमिश्रित (दगडी कोळशाची बारीक राख घातलेलं) सिमेंट घ्या. त्याची छिद्रं बारीक होतात आणि क्लोराइड फार हळू शिरतं. समुद्र म्हटल्यावर सल्फेटरोधक सिमेंट सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यात क्लोराइडला बांधून ठेवणारा घटक मुद्दाम कमी केलेला असतो, त्यामुळे जाळी असलेल्या स्लॅबला ते उलट गैरसोयीचं ठरतं.

आता पाणी. बहुतेक ड्राइव्हवे इथेच बिघडतात. ०.४५ म्हणजे गोणीला २२.५ लिटर, पण यात वाळूतलं पाणीही धरायचं असतं. वाळू ५ टक्के ओली असेल तर गोणीमागे लागणाऱ्या ९७ किलो वाळूतून जवळपास ५ लिटर पाणी आधीच आलेलं असतं. बादलीने साडेसतराच लिटर घाला. माल घट्ट वाटला म्हणून कोणी गोणीला तीन लिटर वाढवले की गुणोत्तर ०.५१ होतं, आणि ते नंतर कशानेही भरून निघत नाही. काम सोपं करायचं असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, घाला. स्लंप, म्हणजे साच्यातून काढल्यावर ओला माल किती खाली बसतो ते माप, ७५ ते १०० मिमी पुरे. मालात आणि नंतर मारायलाही पाणी गोडंच हवं. मचूळ विहिरीचं नको.

प्रश्न : जमीन निव्वळ रेताड आहे. पावसात कडेची वाळू वाहून जाते. पाया कसा करावा?

वाळू धुमसाने बसत नाही, ती थरथरीने बसते. वरचा सैल थर काढा, पाणी भरपूर मारा आणि प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरणाऱ्या पत्र्याचं दाबयंत्र) फिरवा. त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, अंथरा. ते नसेल तर चाकांच्या दाबाने खडी वाळूत रुतते, वाळू खडीत वर येते आणि एका पावसाळ्यात पोकळी तयार होते. जिओटेक्स्टाइलवर खडी आणि कच यांच्या मिश्रणाचा दाबून १५० मिमी थर करा, ७५-७५ मिमीच्या दोन फेऱ्यांत. वर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडावर ३०० मिमी चढवून. खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढायचं थांबतं, हा त्याचा इथला खरा उपयोग.

उतार घरापासून दूर, ५० ला १. म्हणजे १० मीटरला २०० मिमी. पाणी साचलेल्या जागी ते सुकतं आणि मीठ मागे राहतं, दर वेळी थोडं जास्त. पोपडे आधी तिथेच सुटतात.

कडेसाठी दोन्ही बाजूंना स्लॅबच्या तळापासून ३०० मिमी खोल, १५० मिमी रुंद काँक्रीटचा पडदा घ्या, स्लॅबबरोबरच ओतून. रस्त्याकडच्या टोकाला शेवटचे ३०० मिमी जाडी वाढवत २०० वर न्या, कारण चाक चढतं तिथे कड अधांतरी असेल तर कोपरा तुटतो.

प्रश्न : दुपारी काँक्रीट ओतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायला गेलो तर भेगा पडलेल्या. पाणी तर वेळेवर मारलं. मग चूक कुठे?

आधी भेगा ओळखा. अर्धा-एक मीटर लांबीच्या, साधारण समांतर, कडेपर्यंत न पोचणाऱ्या भेगा असतील तर त्या काँक्रीट घट्ट होण्याआधीच पडल्या आहेत. पृष्ठभागावरून ताशी चौरस मीटरला एक किलोच्या आसपास पाणी उडू लागलं, की खालून वर येणारं पाणी पुरत नाही आणि वरचा थर आकसून फाटतो. किनाऱ्यावर दुपारचा वारा हे सहज करतो. हवा दमट आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण वारा दमटपणावर मात करतो. दुसऱ्या दिवशीचं पाणी इथे फार उशिराचं.

उन्हं उतरल्यावर ओतणं सुरू करा. समुद्रवारा तेव्हा पडू लागतो आणि काँक्रीट रात्रीच्या गारव्यात घट्ट होतं. दिव्यांची सोय तेवढी आधी करा. वाऱ्याच्या बाजूला कनातीसारखा आडोसा बांधा. प्लास्टिक कागद नसेल तर पाया आधी भिजवा, मात्र डबकं नको. सरळ पट्टीने समपातळी झाली की वर आलेलं पाणी पूर्ण ओसरेपर्यंत थापी लावू नका. त्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून कोब्यासारखं घोटलं तर वरचे दोन-तीन मिलिमीटर कमकुवत होतात आणि वर्षभरात पोपड्यांनी निघतात. गुळगुळीत घोटाई तशीही नकोच. उताराला आडवा झाडू ओढा, दीड ते तीन मिमी खोल रेषा उठल्या पाहिजेत. झाडू झाल्याझाल्या क्युरिंग कंपाउंड (ओल आत धरून ठेवणारा द्रव) फवारा, किंवा प्लास्टिकने झाका आणि पृष्ठभाग बोटाने दबत नाही असा झाला की ओलं गोणपाट घाला. मिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी, १४ दिल्यास उत्तम. एकदा भिजवून दुपारभर सुकू देणं हे न भिजवण्याइतकंच वाईट.

भेग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार असेल तर सांधा उशिरा कापला गेला किंवा कापलाच नाही. सांध्यांमधलं अंतर जाडीच्या २४ पटीपर्यंत, म्हणजे १२५ मिमीला ३ मीटरपर्यंत. आपला पट्टा २.५ मीटरवर तीन ठिकाणी कापायचा. खोली जाडीच्या चौथ्या भागाहून कमी नको, इथे ३२ मिमी. कटर गरम हवेत ओतल्यानंतर ४ ते १२ तासांत मारावा. कड कुरतडली न जाता स्वच्छ कापली गेली की वेळ आली. संध्याकाळी ओतलेल्याला पहाटे कटर लागतो, तो ‘उद्या दहाला येतो’ म्हणणारा माणूस चालत नाही. घराची भिंत, खांब, गटाराची चौकट यांच्याभोवती १० ते १२ मिमीची दबणारी पट्टी घालून स्लॅब पूर्ण सुटा ठेवा. कापलेले सांधे सुकल्यावर फोमची दोरी दाबून वर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरा.

पडलेल्या बारीक भेगांवर सिमेंटचं पाणी चोळून काही होत नाही, ते आत उतरतच नाही. पातळ इपॉक्सी ओता.

प्रश्न : वर्षभरातच पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते. सीलर मारावा का?

आधी कोरड्या ब्रशने झाडा आणि गोड्या पाण्याने धुवा. भुकटी विरघळून गेली तर ते मीठ आहे, तुषारांचं किंवा खालून आलेलं. खरवडूनही थर राहिला तर सिमेंटमधला चुना बाहेर येऊन कार्बोनेट झाला आहे. त्याने ताकदीला धोका नाही, आणि तो हळूहळू थांबतो. ॲसिडने धुण्याची घाई करू नका, वरचा घट्ट थरही त्याबरोबर जातो.

सीलर सिलेन किंवा सिलोक्सेनचा, आत मुरणारा घ्या, २८ दिवस झाल्यावर आणि स्लॅब कोरडी असताना. तो पाण्याला अडवतो पण वाफेला वाट देतो. चकचकीत ॲक्रिलिक थराखाली ओल कोंडते, थर दुधाळ होतो आणि पावसात घसरडा. मुरणारा सीलर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा लागतो. पाण्याचे थेंब पृष्ठभागावर मण्यांसारखे न थांबता मुरू लागले की वेळ झाली समजा. आणि बोटीचा ट्रेलर उभा राहत असेल तर दर वेळी खाली गोडं पाणी मारा, सीलरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न : आठ वर्षांच्या ड्राइव्हवेवर तपकिरी डाग आहेत, हातोडीने वाजवल्यावर काही जागी पोकळ आवाज येतो. तेवढे तुकडे काढून भरले तर?

भरता येतील, पण कसं ते महत्त्वाचं आहे. पोकळ आवाजाची हद्द खडूने आखा, तिच्या थोडं बाहेर १० मिमी खोल चौकोनी कट मारा, सळई कापू देऊ नका. गंजलेली सळई मोकळी होऊन तिच्या मागे २५ मिमी जागा होईपर्यंत आणि लांबीत स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत फोडा. अर्धवट गंजलेल्या सळईवर मॉर्टर थापलं तर तो तुकडा थोड्याच काळात उचलला जातो.

एवढं करूनही एक अडचण उरते. नव्या, मीठविरहित मालातली सळई सुरक्षित होते आणि तिला लागून असलेल्या जुन्या, खाऱ्या काँक्रीटमधली सळई आता जास्त वेगाने गंजते. ठिगळाभोवती कड्यासारखे नवे डाग येतात ते यामुळे. इमारतीच्या खांबाला ठिगळाच्या कडेने जस्ताचे बळी जाणारे ॲनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बांधतात. ड्राइव्हवेला तेवढा खटाटोप सहसा परवडण्यासारखा नसतो. डाग एखाद्या पॅनेलपुरते असतील तर सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण पॅनेल काढा, पाया पुन्हा दाबा आणि बिनजाळीचं काँक्रीट भरा. नव्या-जुन्याच्या मध्ये दबणारी पट्टी घाला. शेजारच्या पॅनेलच्या कापलेल्या कडेत जुन्या जाळीची टोकं उघडी पडतील. ती कडेपासून २५ मिमी आत कापून भोकं इपॉक्सी मॉर्टरने बुजवा, नाहीतर त्या पॅनेलमध्ये गंज तिथूनच शिरेल.