मारियाचा पगार

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रेस्टॉरंटमधली नोकरी सोडलीस, आता ताईच्या खोलीवर राहून दिवसभर चित्रंच काढणार, असं लिहिलं आहेस. पत्राच्या शेवटी आहे, "सूझासुद्धा लंडनमध्ये उपाशी राहिला, म्हणून तर तो सूझा झाला." त्या वाक्यानं दोन दिवस मला झोप लागू दिलेली नाही. सूझाची चित्रं तुला वर्गात पहिल्यांदा मीच दाखवली. त्याची गोष्टही मीच सांगितली, पण अर्धी. राहिलेली आज लिहिते.

फ्रान्सिस न्यूटन सूझा १९२४ साली गोव्यात साळगावला जन्मला. तो तान्हा असतानाच वडील गेले. आई त्याला घेऊन मुंबईत आली आणि कपडे शिवून तिनं घर चालवलं. पोराला शाळेनं काढून टाकलं, पुढे १९४५ मध्ये स्वातंत्र्याच्या चळवळीपायी जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंही काढलं. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत त्यानं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलाकारांचा गट उभा केला, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आज तू आहेस तेवढाच. दोनच वर्षांत चित्रांवर अश्लीलतेचा आरोप आला आणि १९४९ मध्ये त्यानं लंडन गाठलं.

इथपर्यंत तुला पाठ आहे. पुढची सहा वर्षं मात्र आपण सगळेच एका वाक्यात उरकतो. युद्ध संपलं होतं, पण रेशनिंग उठलं नव्हतं. ते १९५४ पर्यंत चाललं. त्या शहरात गोव्याहून आलेल्या अनोळखी पोराची चित्रं घ्यायला कोण बसलं होतं? थोडंफार लिखाण करून तो काही मिळवायचा. पण घर चाललं ते मुख्यतः बायकोच्या, मारियाच्या, नोकरीवर. ती कामावर जायची म्हणून त्याला चित्रं काढायला दिवस मिळायचा. पुस्तकांत तिच्या वाट्याला एखादी ओळ येते. माझ्या लेखी सूझाचं पहिलं चित्र ज्यानं विकत घेतलं तो मोठा नाही, मारिया मोठी.

मग १९५५ उजाडलं. इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर यांच्या 'एन्काउंटर' मासिकात सूझाचा आत्मकथनपर लेख छापून आला. त्याच वर्षी व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या 'गॅलरी वन'मध्ये प्रदर्शन लागलं आणि चित्रं हातोहात गेली. दुसऱ्या वर्षी हॅरल्ड कोवनर नावाचा अमेरिकन संग्राहक भेटला. तो ठरावीक पैसे द्यायचा आणि बदल्यात चित्रं घ्यायचा. लोक याला नशीब म्हणतात. नशीब होतंच, पण दार उघडलं तेव्हा भिंती भरतील इतकी चित्रं आणि छापण्याजोगं लिखाण हाताशी होतं. ते उपासमारीनं आलेलं नाही गं. उपाशी माणसाला रेघ ओढताना भाकरीच दिसते. मारियाच्या पगारानं ते दिवस विकत घेऊन दिले होते. पुढे त्यांचा संसार टिकला नाही, हेही तुला ठाऊक असू दे.

'बर्थ' हे त्याचं मोठं चित्र त्याच १९५५ सालचं. २००८ मध्ये ते लंडनच्या लिलावात सुमारे २५ लाख डॉलरला गेलं. सूझा तेव्हा नव्हता. २००२ मध्ये मुंबईतच तो वारला.

आणि सदानंद बाकरे? तोच ग्रुप, तेच लंडन. १९५१ मध्ये गेले, पंचवीसेक वर्षं तिथे राहिले. शिल्पकार म्हणून त्यांचा हात कुणापेक्षा कमी होता असं मला कधीच वाटलं नाही. १९७५ मध्ये ते परत आले आणि दापोलीजवळ मुरुडला समुद्रकाठी राहिले, २००७ मध्ये जाईपर्यंत. मुंबईच्या प्रदर्शनांच्या जगात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नसे. कष्ट त्यांनीही केले. तेव्हा अमुक इतकं सोसलं की अमुक यश मिळतं, असा हिशेब मांडू नकोस.

लंडनच्या टेट गॅलरीकडे सूझाचं १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' आहे. भिंतीवर लावलेलं असेल तेव्हा जा, आणि लांबून बघून परत येऊ नकोस. काळाकुट्ट, टोकदार देहाचा ख्रिस्त. हातपाय वाळलेल्या फांद्यांसारखे. लहानपणी गोव्याच्या चर्चमध्ये पाहिलेला रक्तबंबाळ ख्रिस्त त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही, तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. त्याची शाईची चित्रं बघशील तर चेहऱ्यावर आखूड रेघा एकमेकींना छेदत जातात, डोळे पार कपाळात चढलेले असतात. मला त्या रेघांत टाके दिसतात, आईच्या मशीनखालून निघालेले. हे कुठे वाचलेलं नाही, माझं मला वाटतं. पण लंडनमध्ये बसून तो लंडनचा झाला नाही, साळगाव सोबत घेऊन गेला, एवढं नक्की.

आता माझं. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तुझ्याएवढी असताना मीही एक वर्ष सगळं सोडून चित्रंच काढली. घरात पैसे कुठून येतात ते मी विचारलं नाही. धाकट्या भावानं त्या वर्षी कॉलेज सोडून दुकानात काम धरलं होतं, हे मला चार वर्षांनी कळलं. त्या वर्षातली चित्रं माझ्याकडे आहेत. मला ती अजून भिंतीवर लावता आलेली नाहीत.

म्हणून म्हणते, आठवड्याचे तीन दिवस तरी काम धर. भाड्यातला तुझा वाटा ताईच्या हातात ठेव, ती नको म्हणाली तरी. उरलेले चार दिवस कुणालाही देऊ नकोस. कॅनव्हास परवडत नसेल तर कागदावर काढ, शाई स्वस्त आहे. आणि मराठीत रोज अर्धं पान लिही.

पुढच्या पत्रासोबत मला एक चित्र हवंय. ताई रात्री कामावरून येते, जिन्याजवळ बसून बूट काढते, मग थोडा वेळ तशीच बसून राहते, असं तू मागे लिहिलं होतंस. ते काढ. तिला विचारून काढ.

तुझ्या,
बाई